टुरा सेट आहे का जी?

तुळशीचं लग्न लागलं की भंडारा जिल्ह्यात माणसांच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. मुलाचं शिक्षण, उंची, पत्रिका हे सगळं नंतर. पहिला प्रश्न ठरलेला असतो : "टुरा सेट आहे का जी?"

टुरा म्हणजे मुलगा. तुमसरपासून लाखांदूरपर्यंत मुलाला टुरा आणि मुलीला टुरी म्हणतात. पुण्याच्या माणसाला हे शब्द खोडकर वाटतात, आमच्याकडे ते लग्नपत्रिकेइतके गंभीर आहेत. टुरा झाडीबोलीतला, 'जी' अदबीचा, बाकी मराठी. सातासमुद्रापलीकडून आलेला एकटा 'सेट', आणि प्रश्नाचा सगळा जीव त्याच्यातच.

या प्रश्नाची उत्तरंही श्रेणीनुसार लागलेली आहेत. टुरा जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत परमनंट असेल तर बाप उत्तर देत नाही, नुसता मिशीवरून हात फिरवतो. मास्तर, तलाठी, ग्रामसेवक असेल तर "हाव जी, सेट आहे" एवढ्यावर भागतं. वरठीला सनफ्लॅगमध्ये किंवा गडेगावला अशोक लेलँडमध्ये असेल तर लगेच पोटप्रश्न येतो : "कंपनीचा का ठेकेदाराचा?" कंपनीचा असेल तर सेट. ठेकेदाराचा असेल तर "सेटच समजा." आणि पुण्यात असेल तर तिथं तो नेमकं काय करतो हे आईबापालाही माहीत नसतं, पण त्याची गरजच पडत नाही. "पुन्याले सेट झाला" म्हटलं की समोरचा मान हलवतो. असे पुण्याला सेट झालेले टुरे एकगठ्ठा बघायचे असतील तर दिवाळीच्या तोंडावर भंडारा रोड स्टेशनवर, म्हणजे वरठीला, जाऊन उभं राहावं. जनरलच्या डब्यातून ते बॅगेच्या आधी पाय बाहेर काढतात.

राहिला तो घरची दहा एकर धानाची शेती करणारा. बोअर आहे, ट्रॅक्टर आहे, धुऱ्यावर आंब्याची झाडं आहेत, बोडीत मासळी आहे. त्याच्याबद्दल विचारलं की बापाचा आवाज खाली जातो. "शेती करते." म्हणजे सेट नाही. ज्याचं घर पाच पिढ्यांत एक वीतभर सरकलं नाही तो सेट नाही, आणि जो पिंपरीत चौघांत एक खोली करून राहतो, दर अकरा महिन्यांनी भाडेकरार बदलतो, तो सेट. ऑक्सफर्डच्या कोशकारांना हा अर्थ कळवावा असं मला बरेचदा वाटतं.

त्यांनाही या शब्दानं कमी घाम फोडलेला नाही. जेम्स मरे यांनी १८७९ साली त्या कोशाच्या संपादनाचं काम हाती घेतलं. १९२८ साली कोश पुरा झाला तेव्हा मरे यांना जाऊन तेरा वर्षं झाली होती. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यांत लांब नोंद कोणाची, तर या तीन अक्षरी क्रियापदाची : चारशे तीसच्या घरात अर्थ आणि साठ हजारांच्या आसपास शब्द. एवढ्यात इकडे एखादी कादंबरी होते. पुढे तिसऱ्या आवृत्तीच्या कामात 'रन' या क्रियापदानं सहाशेच्या वर अर्थ जमवून 'सेट'ला मागं टाकलं. त्यात नवल नाही. पळणारा पुढं जाणारच, सेट झालेला बसल्या जागी राहतो.

गंमत अशी की त्यांच्या यादीतले ठळक अर्थ आमच्याकडे पोचलेच नाहीत. त्यांचा सूर्य सेट होतो. आमचा बुडतो, तोही वैनगंगेपल्याड, आणि "दिवस बुडाला" म्हटलं की बायामाणसं वावरातून घराकडे वळतात. पवनीच्या घाटावर उभं राहून कोणी "सूर्य सेट झाला" म्हणालं तर ऐकणारा विचारेल, कोणत्या खात्यात? ते जेवणाचं टेबल सेट करतात, आम्ही ताटं मांडतो. ते मोडलेलं हाड सेट करतात, आमच्याकडे ते बसवतात. त्यांनी सापळा सेट केला, घड्याळ सेट केलं, गवताच्या गंजीला आगसुद्धा सेट केली. आमच्याकडे या तिन्ही कामांना एकटं 'लावणे' पुरून उरतं.

तसं पाहिलं तर 'लावणे' आणि त्याचा भाऊ 'लागणे' ही जोडी कोणत्याही ऑक्सफर्डवाल्याला घरी बसवेल. भूक लागते, ऊन लागतं, डोळा लागतो, शाळा लागते, निकाल लागतो, पाऊस लागतो, पदार्थ तळाला लागतो, माणूस माणसाच्या मागं लागतो आणि कोणी कोणाचा काही लागतो. भंडाऱ्याच्या बसस्थानकावर "तुमसरची बस लागली" असं ऐकलं की अर्धी माणसं फलाटाकडे धावतात. गाडी सुटून मोहाडी यायच्या आत मागच्या सीटवरून पुन्हा आवाज येतो, "हिले बस लागली," आणि आता सगळे खिडकीपासून लांब सरकतात. एकाच वाक्यानं माणसं जवळही येतात आणि दूरही जातात. असलं क्रियापद घरात असताना इंग्रजांच्या क्रियापदाला जागा कुठली? त्याला उमेदवारीच करावी लागली.

आणि उमेदवारीसुद्धा पायउतार होऊन. विलायतेत 'सेट' हे क्रियापद आहे; अख्खं वाक्य एकट्यानं ओढतं. भंडाऱ्यात आलं की त्याचं क्रियापदपण गळून पडतं. 'मी मोबाइल सेटतो' असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. सेट 'करावं' लागतं, ते 'होतं', सेटिंग 'लावावी' लागते, ती 'बसते', 'जमते' आणि 'बिघडते'. राबतात ते करणे, होणे, लावणे, बसणे, जमणे, बिघडणे हे आमचे गडी. सेटसाहेब वाक्यात नुसते खुर्ची धरून बसलेले असतात. १८५४ साली नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा करून साहेब या भागात आला, १९४७ साली परत गेला, पण दुसऱ्याकडून काम करवून घ्यायची त्याची सवय व्याकरणात तशीच राहिली.

नाम म्हणून मात्र सेटनं घरात चांगलंच बस्तान बसवलं. भंडारा हे पितळेचं गाव. गावाचं नावच 'भाणं' म्हणजे पितळी ताट यावरून पडलं असं जुनी माणसं सांगतात. इथल्या कासारांच्या दुकानात एकेकाळी गुंड, कोपर, परात, गंज हे सगळं तोलून विकलं जाई आणि जुनं भांडं मोडीत देऊन नवं घेता येई. (विदर्भात गंज म्हणजे भांडं, आणि गंज म्हणजे पुष्कळसुद्धा. त्यामुळे मुलीच्या आंदणात गंजच गंज येत, आणि त्यात व्याकरणाची काही चूक नसे.) त्या दुकानात सेट हा शब्द कोणाला लागत नव्हता. भांडं चांगलं की वाईट हे काटा सांगत असे.

मग स्टील आलं, त्यामागं काचेसारखं दिसणारं पण काच नसलेलं काहीतरी आलं, आणि काट्याची जागा नगांनी घेतली. एक्कावन्न नगांचा डिनर सेट. या एक्कावन्नांतले सोळा नग नेमके कशासाठी असतात हे कोणत्याही सासरी कळलेलं नाही. वाट्या तीन मापांच्या. वरण मधल्या मापाच्या वाटीत घ्यायचं, बाकी दोन मापं पाहुण्यांनी पाहायची. पितळेच्या गुंडाला पोचा आला तर ठोकून घेता येत होता. सेटमधली एक बशी फुटली की उरलेले पन्नास नगही बिघडले असं मानतात आणि सगळा सेट माळ्यावर जातो. तिथं आधीचे दोन असतातच. त्याच्या शेजारी सोफासेट. त्याचं प्लॅस्टिक काढायचं नसतं, आणि मे महिन्यात त्यावर बसलेला व्याही उठताना आवाज करून उठतो. सोनाराकडचा सेट वेगळा. त्याचा विषय घरात रात्रीच निघतो.

ज्याला सेट व्हायची खरोखर मुदत आहे असा एकच पदार्थ मला माहीत आहे : सिमेंट. भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलँड सिमेंटनं पहिल्या तीस मिनिटांत घट्ट व्हायला लागायचं नाही आणि सहाशे मिनिटांच्या आत पुरतं घट्ट झालंच पाहिजे. दहा तास. त्यानंतर मिस्त्री त्यावर पाणी मारायला सांगतो आणि सेंट्रिंगच्या फळ्या काढायची तारीख देतो. लाखनीकडच्या एका मिस्त्रीला मी हे सहाशे मिनिटांचं प्रकरण सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "सिमिट बरं आहे जी, आमचा टुरा बारावीनंतर दहा वर्सं झाले सेट होऊन रायला." मिस्त्रीच्या बोलण्यातला काळ नीट पाहावा. 'होऊन रायला' हा आमच्याकडचा चालू वर्तमानकाळ; तो कितीही वर्षं चालू राहू शकतो.

हा टुरा बहुधा नेट-सेटवाला असणार. राज्य पात्रता परीक्षेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळून 'सेट' झालं, त्यात क्रियापदाचा काही दोष नाही. पण योगायोगालाही विनोदबुद्धी असते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ही परीक्षा पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेतं. ती पास झालं की माणूस सहायक प्राध्यापक व्हायला पात्र होतो. पात्र होतो, एवढंच. पुढं तो कुठल्यातरी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो : तास झाला तर पैसे, सुट्टी लागली तर पैसेही सुट्टीवर. त्यामुळे सोयरिकीच्या बैठकीत असा संवाद होतो :

"टुरा का करते जी?"

"सेट झाला."

"वा! कुठं?"

"सेट परीक्षा झाला जी. सेट व्हायचाच आहे."

यातला पहिला सेट कौतुकाचा आणि दुसरा काळजीचा आहे, हे वधूपित्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही. तो चहा संपवून उठतो.

शेतीतही या शब्दाचे असेच दोन चेहरे आहेत. पंपसेट नावाची वस्तू विहिरीवर किंवा बोअरवर कायम सेट असते, लाईन नसते. आमच्याकडे विजेला लाईन म्हणतात, आणि शेतीची लाईन रात्रपाळीला आली की माणूस बॅटरी घेऊन बांधीत उतरतो. पंप चालू झाल्यावर त्याच्या घरी फोन येतो तो लग्न ठरल्याच्या बातमीसारखा. दुसरा चेहरा कृषी केंद्रातला. तिथं मिरचीला फूल लागून ते गळालं नाही, त्याचं फळ झालं, की त्याला 'सेटिंग' म्हणतात. त्या सेटिंगसाठी बाटल्या मिळतात. बाटलीवर टवटवीत मिरचीचा फोटो आणि पाठीमागं मुंगीच्या अक्षरात सूचना. दुकानदार पुड्या बांधता बांधता भरवसा देतो, "मारा बिनधास्त, सेटिंग पक्की होते." फूल गळालंच तर दोष ढगाळ हवेचा. ढगाळ हवेसाठी वेगळी बाटली असते.

आता खरी सेटिंग. भंडारा-गोंदियाच्या भागात दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. (गोंदिया १९९९च्या १ मे रोजी वेगळा जिल्हा झाला, पण मंडई काही त्या तारखेनं वाटून घेता आली नाही.) दिवसा बाजार, दंडार, लेकीबाळी माहेरी आलेल्या, आणि रात्री नाटक. नाटक वडशाच्या एखाद्या मंडळीचं; रात्री सुरू झालेलं उजाडता उजाडता संपतं. तिथंही सेट असतो, पण लोक त्याला सेट म्हणत नाहीत, 'सिनरी' म्हणतात. सेट हा शब्द त्यांना प्रेक्षकांसाठी हवा असतो. कारण मंडईत सोयरिकी जुळतात. एका गावचा काका दुसऱ्या गावच्या मामाला चिवड्याच्या दुकानाशी गाठतो, तिसऱ्या गावची टुरी दुरून दाखवतो, आणि नाटकातला खलनायक मरायच्या आत बोलणी निम्मी झालेली असतात. हे वडीलधाऱ्यांनी केलं की त्याला सोयरीक म्हणतात. तेच टुऱ्यानं आणि टुरीनं स्वतः केलं की ती सेटिंग. बाकी दोन्हींत फरक असा फारसा नाही. आकाशपाळणा तोच, चिवडाही तोच.

एवढ्यावर थांबतं तर सेटिंग हा शब्द कॉलेजच्या कट्ट्यावरच राहिला असता. पण आमच्या लोकांनी त्याची खरी गुणवत्ता हेरली. 'सेटिंग झाली' या वाक्यात कर्ता नसतो. 'मी साहेबाला पैसे दिले' यात 'मी' आहे, साहेब आहे, पैसे आहेत. उद्या कोणी विचारलं तर तिघांनाही उत्तर द्यावं लागेल. 'सेटिंग झाली' यात कोणीच नाही. पाऊस झाला, पहाट झाली, तशी सेटिंग झाली. मराठीतल्या जुन्या शब्दांत ही सोय नव्हती. लाच म्हटलं की जीभ भाजते. वशिला म्हटलं की कोणाचा ते सांगावं लागतं. संगनमत म्हटलं की पोलीस आठवतात. सेटिंग मात्र हसत हसत, चारचौघांत, पानाला चुना लावता लावता सांगता येते. ऐकणाराही अपमान मानत नाही, उलट विचारतो, "माझंही पाहा ना जी थोडंसं."

ग्रामपंचायतीची निवडणूक बिनविरोध झाली की वर्तमानपत्रात गावाच्या एकोप्याचं कौतुक छापून येतं. गावात त्याच घटनेला 'सेटिंग' म्हणतात. दोन्ही बातम्या खऱ्या असतात. अर्ज मागं घेणाऱ्या उमेदवाराला कारण विचारलं तर तो गावाचा विकास म्हणतो आणि पुढच्या महिन्यात त्याच्या दारापुढचा रस्ता सिमेंटचा होतो. तो सहाशे मिनिटांत सेट होतो का, हे पाहायला मी जाणार होतो. पण त्यावर आधीच म्हशींचे पाय उमटले होते.

उलट शब्दही मासलेवाईक आहे. सेट नसलेला तो 'अनसेट' नव्हे, 'अपसेट'. इंग्रजीत तो शब्द उलथण्याचा; आमच्याकडे तो तोंड पाडून बसण्याचा. "काऊन गा, अपसेट होऊन बसला?" असं विचारलं की टुरा काही बोलत नाही, मोबाइल काढतो. मोबाइलची सेटिंग हे घरातलं वेगळं खातं आहे आणि त्याचा मंत्री बारा वर्षांच्या आतला असतो. आजोबांच्या फोनवर अक्षरं अचानक मोठी झाली, आवाज गेला, किंवा फोन तेलुगूत बोलू लागला, तर त्याच्याकडेच अर्ज करायचा. तो दोन बोटांनी काहीतरी करतो आणि फोन देताना म्हणतो, "तुमी सेटिंगले हात लावू नका." हेच वाक्य आजोबा चाळीस वर्षं ट्रान्झिस्टरबद्दल त्याच्या बापाला सांगत आले.

आजोबा मग टीव्ही लावतात. तिथं सेट मॅक्स असतं. वाहिनीच्या नावातून 'सेट' गेल्याला बराच काळ झाला, पण आमच्याकडे ते गेलेलं नाही; एकदा सेट झालेलं कोण हलवतं? त्यावर 'सूर्यवंशम' लागलेला असतो. हा चित्रपटही १९९९चाच. म्हणजे गोंदिया वेगळा झाला त्याच मे महिन्यात तो आला, आणि तेव्हापासून दोन्ही जिल्ह्यांत तो सारखाच चालू आहे. आजोबांना त्यातल्या विषाच्या खिरीचा प्रसंग पाठ आहे, तरी खीर वाढली जाते तेव्हा ते "खाऊ नको रे" असं म्हणतातच.

ते त्यांना स्पष्ट म्हणता येत नाही, कारण दात खिशात असतात. दवाखान्यातून बत्तिशी बसवून आणली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, नवीन सेट आहे, सेट व्हायला थोडे दिवस लागतील. त्यालाही आता दोन रोवण्या होऊन गेल्या. तोंडात घातला की शब्द घसरतात आणि मटण नुसतं या गालातून त्या गालात फिरतं. म्हणून बोलायचं असलं, जेवायचं असलं, झोपायचं असलं की सेट काढून सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवायचा. फोटो काढायचा असला की घालायचा. नातसुनेनं एकदा काळजीनं विचारलं, "आबाजी, सेट झाला का तो?"

आबाजींनी खिशावर हात ठेवला. "अथी एकदम सेट आहे."